तांबड्या पट्ट्याचं वय

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सापडली! घळीच्या डाव्या भिंतीत, बरोबर तांबड्या पट्ट्यात, एक लांबच लांब पोकळी! आत चार फूट खोल, बावीस पावलं लांब, आणि तिचा तळ आजच्या नाल्यापासून माझ्या डोक्याच्याही वर. टेप लावून मोजलं — एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. त्यासाठी दगडावर दगड रचून चढले, एकदा घसरले, कोपर सोललं. फिकीर नाही.

तिथे आतपर्यंत माणसाचा हात पोचत नाही. मग ती कोरली कुणी? पाण्याने! नाला कधीतरी त्या उंचीवरून वाहत असणार. कडेच्या मऊ तांबड्या थराला घासून घासून त्याने खाल्लं असणार. आतल्या भिंतीवर आडव्यातिडव्या रेघासुद्धा आहेत, वाहत्या गोट्यांनी पडलेल्या. मग नाला खाली उतरत गेला आणि पोकळी वर राहिली.

पाच वर्षं आमच्या विदर्भातल्या मालेगावच्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर भूगोल शिकवतेय. दर वर्षी फळ्यावर ‘घळई’ लिहायचं आणि पोरांना कुठल्या तरी परदेशातल्या दरीचा फोटो दाखवायचा. आणि घळ इथे, घरापासून वीस मिनिटांवर! लहानपणी इथे बोरं खायला यायचो आम्ही. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं ते काय डोळे मिटून केलं मी?

१३ एप्रिल, रविवार

बाबांना घेऊन गेले. बाबांनी — देवमन मिस्त्रींनी — तीस वर्षं किन्हीराजाच्या पंचक्रोशीत विहिरी फोडल्या. शाळा चौथीपर्यंत. पण घळीत उतरले आणि वरून खाली बोट फिरवत नुसते वाचत सुटले! “हे काळी माती. हा मुरूम. हा काळा पत्थर — याले सुरुंगाबिगर इलाज नाई. मंग हे तांबडं. तांबडं लागलं का सब्बल लोण्यात गेल्यावानी जाते. त्याच्या खाली मांजऱ्या, पांढरे दाणे पाह्य त्यात.”

मी पाच वर्षांत शिकले ते हेच. फक्त मला नावं इंग्रजीत शिकवली.

मी म्हटलं, बाबा, हे सगळं जमिनीतून वर आलेला आगीचा रस होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. “माहीत हाय. धा डाव सांगतलं तू.” तरी मी अकराव्यांदा सांगितलं! आधी खालचा रस आला. त्यातल्या वाफेचे बुडबुडे थिजले, त्यांची भोकं राहिली, पुढे ती पांढऱ्या खड्यांनी भरली — तोच बाबांचा मांजऱ्या. मग कितीतरी हजार वर्षं काहीच आलं नाही. ऊन, पाऊस, वारा. दगडाची माती झाली. त्यावर कदाचित झाडं उगवली असतील, किडेमुंग्या फिरल्या असतील. आणि मग एक दिवस वरून दुसरा रस आला आणि ती माती भाजून लाल झाली.

“वीटभट्टीवानी,” बाबा म्हणाले.

वीटभट्टीसारखीच! दोन आगींच्या मधे या भूमीला जी सुट्टी मिळाली ती म्हणजे हा तांबडा पट्टा. दीड-दोन मीटरची सुट्टी. मी त्याला हात लावून उभी राहिले, तळवा लाल झाला. धुवावासाच वाटेना.

पोकळी पाहून बाबांनी डोकं खाजवलं, विडी पेटवली. मला वाटलं, चकित झाले.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून वस्तीत रांगोळ्या, दुपारी मिरवणूक, घसा बसलाय. नाचतानाही डोक्यात पोकळीच!

१६ एप्रिल, बुधवार

अर्ज पाठवला.

रुचा संघई मॅडम, नागपूरच्या विद्यापीठात. माहेर इथल्याच शिरपूरचं, वडिलांचं तिथे कापडाचं दुकान. एम.एस्सी.ला असताना त्यांनी आमच्यापुढे दोन व्याख्यानं दिली होती, ती मला अजून पाठ आहेत. त्यांच्या नव्या प्रकल्पाचा विषय — विदर्भातल्या प्राचीन घळी. त्यात एकच जागा आहे, पीएच.डी.सकट. अट अशी की उमेदवाराने स्वतः शोधलेलं एक स्थळ, त्याचं वय आणि पुरावा द्यायचा. वयोमर्यादा तीस. मला सप्टेंबरात तीस पूर्ण होतात. म्हणजे हीच गाडी. ही सुटली की आयुष्यभर फळा, खडू आणि परदेशी दरी.

वय असं काढलं : आपल्याकडच्या कठीण दगडात ओढे वर्षाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग खाली उतरतात असं धरलं. एक मीटर ऐंशी भागिले तेवढं. उत्तर — अठरा हजार वर्षं! जगातली पाव जमीन बर्फाखाली होती त्या काळी आमच्या नाल्याचं पाणी त्या पोकळीतून खळखळत होतं!

ही ओळ अर्जात तशीच लिहिली. ‘खळखळत’ फक्त काढून टाकलं.

१९ एप्रिल, शनिवार

उत्तर आलं!!! तीन दिवसांत! “पोकळीचे फोटो फार बोलके आहेत. ४ मेला आईला भेटायला शिरपूरला येतेय, सकाळी तुझ्याकडे येईन. ती पोकळी पाहायलाच येतेय असं समज.”

आईला उचलून गरकन फिरवलं. “सोड वो, कंबर मोडन माही!”

२० एप्रिल, रविवार

चौदा दिवस राहिले. नाल्यातली बाभळीची काटेरी झुडपं तोडली, मॅडमची साडी अडकायला नको. मॅडम साडी नेसून दगड फोडायला येतील का, बाई? मी पण!

२६ एप्रिल, शनिवार

कॉलेजात पेपर तपासणी. एका पोराने लिहिलंय : ‘घळई म्हणजे नदीने डोंगराची केलेली फसवणूक.’ पूर्ण मार्क द्यावेसे वाटले.

१ मे, गुरुवार

लिहावं की नाही? लिहिते.

संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होते. बाबा, आई आणि मनकर्णाआजी — ही बाबांची आत्या, चौऱ्याऐंशीची, आमच्याकडेच असते. आजीने चष्मा पदराला पुसला. “हे मोठ्ठं कर बरं.” मी केलं. “आनखी कर.” केलं.

“अवो बाप्पा! हे त आमची गेरूची खदान हाय!”

मी हसले. म्हटलं, आजी, हे नदीने केलंय.

“नदी कायले करन? तिले काय वट्टा रंगवायचा होता?”

आई एकदम उठली. “आत्याबाई, राहू द्या न आता.” पण आजी कुणाचं ऐकते! सांगत सुटली. पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी गेरू आणायचं काम आमच्या वस्तीतल्या बायांचं. अख्ख्या गावाच्या भिंती, ओटे, बैलांच्या पाठीवरचे ठसे — सगळ्याला गेरू आमच्या टोपल्यांतून जायचा. आजीची आई, तिच्या आधी तिची सासू, मग आजी आणि तिची भावजय, म्हणजे माझ्या बाबांची आई. खुरप्याने कोरायचा, डोक्यावर वाहायचा, दाराबाहेर ओतायचा. त्याबद्दल काय मिळायचं? “शिळी भाकर. भेटली त भेटली.” आणि मग, “आमी बुद्ध झालो न त्या दसऱ्याले, त्याच्यानंतर कोनी गेलं नाई. त्या दिवाळीले गावात एक वट्टा लाल नव्हता, पोरी!” दात नसलेल्या तोंडाने खदाखदा हसली.

मी म्हटलं, अगं पण ते माझ्या डोक्याच्या वर आहे! शिडी लावत होता का?

“कायची शिडी? उभं राहून. पाय पान्यात.”

काहीतरीच. आता वय झालंय तिचं. पण रेघा… त्या रेघा खुरप्याच्या असतील का?

बाबा खाली बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं! घळीत विडी पेटवली तेव्हाच माहीत होतं! विचारलं तर म्हणाले, “तू येवढी खुश होती. मले वाटलं, तुह्या पुस्तकात वेगळं असन काही.”

२ मे, शुक्रवार

अठरा हजार वर्षं गेली खड्ड्यात! आणि खड्डा खणला कुणी, तर माझ्याच खापरपणजीने!

सकाळपासून कुणाशी नीट बोलले नाही. भात करपवला. मॅडम परवा येणार ती ‘पोकळी पाहायलाच’. आणि पोकळी निघाली खदान!

मग एक विचार आला. लिहितेच, इथे कोण वाचतंय? कुणाला कळणार आहे? गावात त्या वयाचं दुसरं कोणी उरलं नाही. ओट्यांवर आता फरशी आहे. आजीला त्या दिवशी घरी ठेवलं की झालं. रेघा गोट्यांच्या म्हटल्या की गोट्यांच्या.

आईशी बोलले तर तिचंही तेच, पण कारण वेगळं. “सांगू नको त्या बाईले. शिरपूरच्या दुकानदाराची पोरगी हाय ते. तिच्यासमोर कायले काढतं आमच्या टोपल्या? आमी त्या फेकल्या, तुमाले शिकोलं, आता तूच उचलून आनतं का?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने स्वतः कधी गेरू वाहिला नाही, तिच्या जन्माआधी ते संपलं होतं. तरी तिला ते ओझं वाटतं. मला तिचा राग येईना.

माझी मात्र लाज वाटली. ती टोपल्या लपवतेय मानासाठी. मी लपवणार होते जागेसाठी.

३ मे, शनिवार

थांब, थांब, थांब. सावकाश लिहू दे.

सकाळी घरातलं खुरपं घेऊन एकटीच घळीत गेले. दगड रचले, चढले, पोकळीत बसून खुरप्याचं पातं एका रेघेत ठेवलं. चपखल! दुसऱ्या रेघेत — चपखल! झालं, म्हटलं, संपलं. तिथेच पाय खाली सोडून बसले. पाय हवेत लोंबत होते. आणि आजीचं वाक्य आठवलं. उभं राहून. पाय पाण्यात.

पाय पाण्यात!!

म्हणजे १९५६ साली पाणी तिथे होतं! माझ्या लोंबत्या पायांशी! नाला तेव्हा तांबड्या पट्ट्यावरूनच वाहत होता आणि या बाया त्यात उभ्या राहून कडेला कोरत होत्या. मी हात पोचत नाही म्हणून पोकळी पाण्याची ठरवली. अगं बावळटे, हात पोचत होता! जमीनच खाली गेली!

एकोणसत्तर वर्षांत एक मीटर ऐंशी. वर्षाला सव्वीस मिलिमीटर. मी धरलं होतं त्याच्या दोनशे साठ पट! तांबडं आणि मांजऱ्या दोन्ही मऊ हे खरं, पण तरी इतकं?

धावत घरी. बाबा जेवत होते. “बाबा, नाला इतका कसा खाली गेला?” घास हातात तसाच धरून बाबा म्हणाले, “त्र्याहत्तरात दुष्काळी कामावर वरचा तलाव बांधला न. त्याच्या सांडव्याचं पानी ह्याच नाल्यात सोडलं. त्याच्याआधी येवढं पानी नव्हतंच नाल्याले.”

बरोबर! गाळ तलावात बसतो. खाली येतं ते नितळ पाणी, गाळाचं ओझं नसलेलं, आणि असलं पाणी जास्त कापतं. घळीचा खालचा भाग अठरा हजार वर्षांचा नाहीच. तो माझ्या बाबांपेक्षा लहान आहे! पुस्तकात घळई म्हणजे लाखो वर्षं. इथे एक घळ माणसांच्या देखत झाली, आणि पाहणारी बाई ओसरीवर बसून लसूण सोलतेय!

आता उद्या. मॅडमना जुन्या घळी हव्या आहेत. ही जुनी नाही. खरं सांगितलं तर जागा गेली असं धरूनच चालायचं. आणि खरं सांगायचं तर आईच्या टोपल्या काढाव्या लागणार.

आईला म्हटलं, मी सांगणार. ती उठून चुलीकडे गेली. आजी म्हणाली, “मले घेऊन चाल.”

४ मे, रविवार

मॅडम नऊला आल्या. साडी नव्हे, पँट आणि जाड बूट. नाल्याकाठचं शेत जगदेवकाकांचं, तिथपर्यंत गाडी आली. आजीला जगदेवकाकांनी छकड्यातून आणलं आणि मग चक्क पाठकुळी घेऊन घळीत उतरवलं. आजी वरून हुकूम सोडत होती, “हळू रे जगदेवा, मी काय कापसाचं गाठोडं हाय?” आई सगळ्यांच्या मागे, पदर तोंडाशी धरून.

मॅडमनी पोकळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “नीलिमा! अगं, हे तर वर्गात दाखवावं असं उदाहरण आहे!”

तिथे गप्प बसता आलं असतं. तोंड उघडलं आणि भलतीकडून सुरुवात झाली — दिवाळी, ओटे, खुरपं, मग छप्पन साल. कसंबसं पूर्ण केलं.

मॅडमनी टोपी काढली. “अर्जात अठरा हजार लिहिलंयस.”

“हो.”

“मग अर्ज चुकीचा आहे.”

“हो मॅडम.”

मग आजीने खुरपं मागितलं आणि हवेतच कोरून दाखवलं — असं आडवं, मग असं तिरपं, म्हणजे ढेकूळ आख्खं निघते. भिंतीवरच्या रेघा अगदी तशाच होत्या. मॅडम बघत राहिल्या. मग खाली दगडावर बसल्या, आजीच्या शेजारी.

“आजी, लहानपणी शिरपूरला आमच्या ओट्यालाही दिवाळीत गेरू असायचा. तो कुठून यायचा हे मी कधी विचारलंच नाही.”

“कोनाच्या तरी टोपल्यातून,” आजी म्हणाली. रागाने नाही. माहिती द्यावी तशी.

मॅडमनी मान खाली घातली. आणि मग मागून आईचा आवाज आला. माझी आई, जी दोन दिवस नको नको म्हणत होती! “शेवटली टोपली माह्या सासूनं इथंच फेकली होती. नाल्यात. लग्न होऊन मी आली तवा त्यायनंच सांगतलं मले. म्हने, फेकली आन वाहून जाईलोक पाहत उभी राह्यली.” पदर खाली आला होता. ताठ उभी होती. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर!

जाताना मॅडम म्हणाल्या, “माझा प्रकल्प प्राचीन घळींचा आहे, ही त्यात बसत नाही. आणि एका माणसाच्या आठवणीवर वय ठरत नाही. नाला कधी कुठे होता ते दाखवणाऱ्या आणखी दोन तारखा आण, वेगवेगळ्या सालांच्या, कागदावर किंवा दगडावर दिसतील अशा. तीस मेच्या आत. मग समितीशी बोलते. वचन देत नाही.”

वचन नाही. पण नाहीही नाही!

५ मे, सोमवार

दोन तारखा. कुठून आणू? आई गुणगुणत भांडी घासतेय.

९ मे, शुक्रवार

बाबा! बाबा! बाबा!

घळीच्या वरच्या टोकाला धबधबा आहे, आता उन्हाळ्यात कोरडा, नुसता काळ्या दगडाचा कडा. त्याच्या वरच्या बाजूला नाला उथळ, खालच्या बाजूला घळ. आज बाबांना घेऊन तिथे गेले आणि कड्याखाली वाकून पाहिलं. खालचं तांबडं पोखरून आत गेलंय आणि वरचा काळा पत्थर छपरासारखा पुढे आलाय. हीच तर गंमत! पावसाळ्यात पाणी कोसळतं, त्याचा मारा मऊ तांबड्याला बसतो, ते धुपून जातं. काळ्याला खालून आधार राहत नाही, एक दिवस तो कोसळतो. कडा तेवढा मागे सरकतो. मग पुन्हा तांबडं. म्हणजे धबधबा चालतो! मागे मागे, उगमाकडे, आणि चालताना आपल्यामागे घळ सोडत जातो.

हे मी बाबांना हातवारे करकरून सांगत होते. बाबा शांतपणे म्हणाले, “चालते त. जगदेवची विहीर फोडली तवा धबधबा विहिरीपाशीच होता. मलबा आमी तिथूनच खाली लोटत होतो.”

“कुठली विहीर?”

त्यांनी मागे बोट केलं. विहीर किती तरी खाली, घळीच्या काठावर! पळत गेले. विहिरीच्या तोंडाच्या सिमेंटमध्ये, ओलं असताना काडीने कोरलेलं — ‘जगदेव. ११-५-९९’. दगडावर दिसेल अशी तारीख! आणि बाबांनी हे इतके दिवस सांगितलं नाही, कारण “तू विचारलं कुठी?”

१० मे, शनिवार

दुसरीही मिळाली! जगदेवकाकांच्या लोखंडी पेटीत तलावात गेलेल्या जमिनीचा नकाशा. साल १९७३. नाल्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी सुबक अक्षरात ‘धबधबा’. तो कोण मोजणीदार होता, त्याच्या पाया पडावंसं वाटतंय. जगदेवकाका म्हणाले, “कागद सांभाळून ठेवा म्हनत होतो त घरचे मले हसत होते!”

नकाशातली जागा विहिरीच्या बरीच खाली, उंबराच्या झाडाशी. बाबा म्हणाले, “व्हय, तिथंच डोह होता. मी बारा वर्षाचा असन, उड्या मारत होतो त्यात.”

११ मे, रविवार

दिवसभर टेप. बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या.

उंबर ते विहीर, १९७३ ते १९९९ : एकतीस मीटर.

विहीर ते आजचा कडा, १९९९ ते २०२५ : सत्तर मीटर.

दोन्हीकडे सव्वीस-सव्वीस वर्षं. दुसऱ्या खेपेला दुपटीहून जास्त! वेग वाढतोय. वर तांबडा पट्टा जाड होत जातो म्हणून असेल? की अलीकडे पाऊस एकदमच कोसळतो म्हणून? उन्हाने डोकं तापलंय, पण मन असं उड्या मारतंय की जेवणसुद्धा सुचत नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात खीर. आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला घळीची गोष्ट सांगतेय. प्रत्येक वेळी टोपली थोडी मोठी होतेय.

१४ मे, बुधवार

सगळं पाठवलं. नकाशाचा फोटो, सिमेंटचा फोटो, खुरप्याच्या रेघा, आजीचं बोलणं शब्दशः. तक्त्यात आजीचं नाव पूर्ण लिहिलं. अर्जातलं अठरा हजार खोडून बाजूला लिहिलं : चूक माझी.

आता हातात काही नाही.

१७ मे, शनिवार

काही नाही. दर पाच मिनिटांनी मोबाइल.

१९ मे, सोमवार

काही नाही. आई म्हणते, “फोन पाह्यल्यानं येते का फोन?”

२१ मे, बुधवार

मिळाली!!! जागा मिळाली! मला! नीलिमा देवमन!

मॅडमचा फोन अकराला. मी वस्तीच्या विहिरीवर कपडे धूत होते, साबणाच्या हातानेच उचलला. “समितीशी भांडले,” म्हणाल्या. “प्राचीन घळींचा प्रकल्प आहे हे मान्य, पण जी घळ आत्ता होतेय ती पाहिल्याशिवाय जुनी कळणार कशी? माझं माहेरचं बोलनं निघालं शेवटी, अशी भांडली मी!” आणि हसल्या. सोळा जूनला रुजू व्हायचं. पहिला शोधनिबंध याच घळीवर, पहिलं नाव माझं.

आईने साखर वाटली. बाबा बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत; पाहिलं तर गोठ्यात उभे राहून डोळे पुसत होते. आजी म्हणाली, “नागपूरले जाशीन त मले बी ने. त्या बाईले आनखी सांगाचं हाय मले.” नागपूरच्या गाडीचं तिकीटही काढून टाकलं. पंधरा जून, सकाळची.

जगात माझ्याइतकं सुखी आज कोणी नाही. असेल तर समोर यावं!

फोन ठेवताना मॅडम म्हणाल्या, तक्त्यात एक रकाना रिकामा राहिलाय. आजच्या कड्यापासून वर सांडव्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर. तेवढं मोजून पाठव.

२३ मे, शुक्रवार

नऊ मीटर. तीनदा मोजलं.

वर्षाला जवळजवळ तीन मीटर, आणि वेग वाढतोय. तीन पावसाळे. जोराचा असला तर एकच. मग कडा सांडव्याच्या पायाखाली येणार. पायाखालचं तांबडं गेलं की भिंत जाणार, भिंत गेली की तलाव. तलावाखाली आमची वस्ती आहे. एकेचाळीस घरं.

पाऊस पंधरा दिवसांवर. जगदेवकाकांनी ट्रॅक्टर सुरू केलाय, नकाशा घेऊन आम्ही तहसीलला निघतोय. मॅडमना एका ओळीत कळवलं : भिंतीचा पाया सावरेपर्यंत वस्ती सोडता येणार नाही, सोळा जूनला मी येत नाही.